जेवणानंतरचा अर्धा तास

माझ्या टेबलावर काचेचा एक जग आणि स्टीलचे दोन पेले कायम भरलेले असतात. येणाऱ्याला वाटतं, मॅडम फार अगत्याच्या आहेत. अगत्य आहेच, आपण नागपूरचे, उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतो आणि मग नाव. पण खरं सांगायचं तर ती माझी तपासणी आहे. रक्ताच्या, साखरेच्या, सोनोग्राफीच्या तपासण्या डॉक्टर करतात. मी माणूस पाणी कसं पितो ते पाहते.

कोणी उभ्याउभ्याच पेला रिकामा करतो. कोणी एक घोट घेऊन पेला हातात धरून बसतो. त्याला तहान नसते, धरायला काहीतरी हवं असतं. कोणी बायकोकडे बघतो आणि तिनं मान हलवली की मगच पितो. एका बाईंनी पेला उचलला, आतलं पाणी निरखलं, पदरानं काठ पुसला आणि पेला तसाच खाली ठेवून दिला. या आपलं काही ऐकायच्या नाहीत, असं मी मनात म्हटलं. पुढे त्याच माझ्या सगळ्यात शिस्तीच्या रुग्ण निघाल्या. तेव्हा माझी तपासणी दर वेळी खरी ठरते असं नाही, पण मजा येते.

मी आहारतज्ज्ञ आहे. नागपुरातल्या एका रुग्णालयात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया होतात, तिथे नोकरी केली. निवृत्त झाले तरी आठवड्यातले काही दिवस मनीषनगरहून ऑटो करून तिथे जाते. मी घरी बसून नवऱ्याच्या ताटात लक्ष घालण्यापेक्षा ते बरं, असं नवऱ्याचंच मत आहे.

लोकांना वाटतं, या शस्त्रक्रियेनंतर आम्ही माणसाचं खाणं बंद करतो. खाणं बंद होत नाही, लहान होतं. पोटाची ऐसपैस थैली कापून केळ्याएवढी निमुळती नळी उरवतात. तिच्यात चार घास मावतात. आता त्या चार घासांबरोबर तुम्ही पेलाभर पाणी ओतलंत, तर एकतर सगळं वर येतं, नाहीतर पाणी त्या घासांना ढकलत पुढे नेतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. म्हणून नियम असा: जेवणाच्या थोडं आधी पाणी थांबवायचं, जेवताना प्यायचं नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास प्यायचं नाही. बाकी दिवसभर मात्र घोट घोट पीत राहायचं. गटागटा कधीच नाही. पेल्याला ओठ लावून, चहा पितो तसं.

ऐकायला सोपं आहे. पण भात सोडायला तयार झालेली माणसं मी पाहिली आहेत, साखर सोडलेली पाहिली आहेत. ताटाशेजारचा पेला उचलून बाजूला ठेवताना मात्र त्यांचा हात जड होतो. मला याचं फार नवल वाटत आलं आहे. एक गृहस्थ शपथेवर सांगायचे, "पाणी? एक थेंब नाही, मॅडम." आणि तरी रोज उलट्या. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की पाणी बंद केलं होतं, ताक चालू होतं. दुसऱ्या एकांनी मला तर्रीबद्दल विचारलं. तर्री म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर घालतात तो लाल तिखट रस्सा. "ती पाण्यात धरायची का जेवणात?" मी तोंड उघडणार तोच त्यांनी स्वतःच निकाल दिला. "पोह्यावर टाकली तं जेवण, अन् वाटीतून घेतली तं पाणी. बरोबर ना?" एका ताईंनी तर भर मे महिन्यात नियम पाळायच्या उत्साहात दिवसभरच पाणी टाकलं आणि चक्कर येऊन सलाइन लावून घ्यायला आल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या हाती एक बाटली देते. कुठेही जा, ही बरोबर, जेवणाच्या आधीपर्यंत हिच्यातून घोट घोट.

आणि अलीकडे मी सगळ्यांना एक प्रश्न जास्त विचारते. "येत्या काही दिवसांत कोणाच्या घरी जेवायला जाणार आहात का?" हा प्रश्न मला मनोहररावांमुळे सुचला.

मनोहरराव नागपूरजवळच्या खाप्याचे. नाव बदललं आहे, गाव त्यांच्या परवानगीनं तसंच ठेवलं आहे. "लिहा ना, मॅडम," ते म्हणाले, "फक्त वजन नका लिहू." म्हणून वजन लिहीत नाही. एवढंच सांगते की माझ्या समोरची खुर्ची त्यांना पुरली नाही आणि बाहेरचं बाक आत आणावं लागलं. मोटारपंपांचं आणि पाइपांचं दुकान, कन्हान नदीच्या बाजूला शेती, गुडघे गेलेले, साखर वर. बरोबर मुलगी होती, श्वेता. नागपुरात बँकेत नोकरीला. बाबांच्या सगळ्या फाइली तिच्याच हातात.

मनोहररावांनी जग पाहिला, पेला भरला, मान मागे टाकली, आणि वीतभर उंचीवरून पाण्याची धार सरळ घशात सोडली. ओठ मिटायचे नाहीत, घोट गिळताना दिसायचे नाहीत, एक थेंब सदऱ्यावर नाही. मी इतकी वर्षं पाणी पिणारे पाहते आहे, पण इतकी सफाई क्वचितच पाहिली.

"छान पिता," मी म्हटलं.

"बापानं शिकवलं. आमच्या इकडं पेल्याले तोंड लावलं का माय वरडायची. उष्टं काहून करतं म्हणे."

"हे आता बंद करावं लागेल."

"पाणी?"

"पाणी नाही. हे असं पिणं. यात हवा जाते पोटात, आणि एकदम खूप पाणी जातं. ओठ लावून, थोडं थोडं प्यायचं."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "पाय वं श्वेता. पोट कापून घ्याचं, अन् मंग मांजरीवानी पाणी प्याचं."

शस्त्रक्रिया नीट झाली. पण ओठ लावून पिणं काही जमेना. हात आपोआप वर जायचा, मान आपोआप मागे जायची. मी त्यांना रुग्णालयातच सराव करायला लावला. पेला ओठांना टेकवला की ते डोळे मिटून घ्यायचे, औषध घेतल्यासारखे. "माह्यासाठी एक पेला वेगळा ठेवा लागंन घरी," ते म्हणाले. "उष्टा पेला बाकीच्यायले कसा द्याचा?" हळूहळू जमलं. महिन्या-महिन्याला येत राहिले, सदरे ढगळ होत गेले, बाहेरचं बाक बाहेरच राहू लागलं. माझ्या आदर्श रुग्णांत मी त्यांचं नाव घेऊ लागले.

एकच गोष्ट होती. ही शस्त्रक्रिया त्यांनी सगळ्यांपासून लपवली होती. खाप्यात सांगितलं होतं, पित्ताचे खडे काढले. "नाहीतं लोक म्हणतीन, याले तोंड बंद ठेवता येत नव्हतं म्हणून पोट कापून आला." घरचे तिघं आणि आम्ही, एवढ्यांनाच खरं माहीत. हे लपवणं नवं नाही. माझे निम्मे रुग्ण जगासाठी पित्ताचे खडे काढून आलेले असतात.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. श्वेताचं लग्न ठरत होतं. मुलगा तिच्याच बँकेतला, प्रज्वल. आईवडील लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेला. आत्या म्हणजे शकुंतलाबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, नागपुरातच नंदनवन भागात राहणाऱ्या. मुलाची जात वेगळी. कोणती, ते सांगायची इथे गरज नाही. मनोहररावांच्या आजोबांनी त्या घरचं पाणी घेतलं नसतं, एवढं सांगितलं की पुरे. मनोहररावांना हे पचवायला वेळ लागला होता, ते त्यांनी लपवलं नाही. पण एकदा पचवल्यावर ते मनापासून निघाले होते.

"मॅडम, बोलणी कराले जातो. जेवाचा आग्रह आहे. काय करू?"

मी घडाघडा सांगितलं. ऊन आहे, बाटली बरोबर ठेवा, दारापर्यंत घोट घोट घ्या, मग थांबवा. पेला पुढे आला तर वरून हात ठेवा, नाहीतर माणसं भरतातच. आमरस वाढतील, गोड आणि पातळ, तो तर मुळीच नको, या पोटातून साखर एकदम खाली उतरते, घाम फुटेल. चार घास, चावून चावून. घास अडकल्यासारखा वाटला तर उठून थोडं चाला. आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही.

त्यांनी यातलं अक्षरन् अक्षर पाळलं.

पुढच्या आठवड्यात श्वेता एकटीच आली. फाइल नव्हती हातात. बसली, जगातलं पाणी ओतलं आणि प्यायली नाही.

"बाबांनी तुमचं सगळं ऐकलं, मॅडम," ती म्हणाली. "अन् माझं लग्न तुटून राहिलं."

मला आधी काही उमगेना. मग तिनं सांगितलं. आत्या पाहुण्यांची वाट पाहत गॅलरीत उभ्या होत्या. खाली गाडी थांबली. मनोहरराव एकटेच उतरले, फाटकाशी उभं राहून त्यांनी घरून आणलेल्या बाटलीतून पाणी प्यायलं, चांगलं सावकाश. बाटली गाडीत ठेवली आणि वर आले. वर येताच आत्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मनोहररावांनी हात जोडले, नको म्हणाले. ताटाशी पेला ठेवला, त्यांनी त्याच्यावर पंजा ठेवला. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा पंजा. सकाळपासून खपून काढलेल्या आमरसाची वाटी बोटानं दूर सारली. चार घास खाल्ले, मध्येच उठून गॅलरीत फेऱ्या मारल्या, आणि जेवण होताच निघाले. पाणी न पिता.

"त्यांना वाटलं..." श्वेता थांबली.

तिला पुढचं बोलायची गरज नव्हती. मीही इथलीच आहे. आपल्याकडे कोणाच्या घरी जाऊन जेवण नाकारलं तर पोट बिघडलं असेल म्हणतात. पाणी नाकारण्याचा अर्थ वेगळा होतो, आणि तो ज्यांच्या घरी नाकारलं गेलंय त्यांना सांगावा लागत नाही.

"पण तू खरं सांगितलंस ना?"

"बाबांना शब्द दिला होता, तरी शेवटी प्रज्वलला सांगितलं. त्यानं आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी कारणं मी लहानपणापासून ऐकली, हे तेवढं नवीन आहे. तुम्ही दोघं लग्न करा, म्हणे, मी अडवत नाही. पण मी येणार नाही." तिनं पेला बाजूला सरकवला. "अन् प्रज्वल त्यांच्याशिवाय उभा राहणार नाही, मॅडम. राहिला तर मलाच आवडणार नाही."

मी दिलेला प्रत्येक नियम मी मनात पुन्हा तपासून पाहिला, आणि प्रत्येक बरोबर होता. मनोहररावांचं पोट सांभाळण्यासाठी त्यात एक शब्द बदलायची गरज नव्हती. पण मी ते सगळे नियम पोटासाठी दिले होते, आणि पोट घेऊन माणूस गेला होता व्याह्यांच्या घरी.

मी मनोहररावांना फोन लावला. त्यांच्या परवानगीशिवाय मला कोणाशी काही बोलता येत नव्हतं.

"माह्या मनात तसं काईच नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण त्यायनं तरी कसं ओळखावं? मन काय ताटात वाढून दिसते?"

"खरं सांगून टाका."

"माह्या तोंडून त्यायले खरं वाटणार नाई. तुम्हीच चला. सारं सांगा." आणि जरा वेळानं, "वजन सोडून."

खरं तर मी जायला नको होतं. आहारतज्ज्ञानं रुग्णाच्या सोयरिकीला जायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. पण मला चैन पडेना. श्वेतासाठी तर होतंच, आणि खरं सांगू? मला त्या बाईंना पाहायचं होतं, ज्यांनी गॅलरीतून एका माणसाचं पाणी पिणं माझ्यापेक्षा बारकाईनं पाहिलं होतं.

प्रज्वलनं आत्यांची समजूत घालून आम्हाला पुन्हा एकदा जेवायला बोलावलं. नंदनवनातलं ते घर दुसऱ्या मजल्यावर. शकुंतलाबाई किरकोळ अंगाच्या, सुती साडी, चष्म्याला दोरी. दार त्यांनीच उघडलं. मनोहरराव, त्यांच्या पत्नी, श्वेता आणि मी आत गेलो. प्रज्वलनं कूलर आमच्याकडे वळवला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, इतकं ऊन. आणि पाणी आलं नाही.

मी ते लगेच टिपलं. सवयच आहे. नागपुरात मे महिन्यात कोणाच्या घरी टेकलात आणि पाणी आलं नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ताटं मांडली, त्यांच्या शेजारीही पेले नव्हते. एकाही ताटाशी नाही.

"तुमच्याकडे लागत नाही ना," शकुंतलाबाई मनोहररावांना म्हणाल्या. आवाज अगदी साधा.

मी माझं काम सुरू केलं. एक वाटी मागून घेतली आणि सांगितलं की यांचं पोट आता एवढंही नाही. थैली, नळी, चार घास, पाणी का नको, सगळं. शकुंतलाबाई मास्तरीण होत्या, शंका काढत काढत ऐकत होत्या.

"अन् ती बाटली?"

"बाटली मी दिली. उन्हाचं पाणी कमी पडू नये म्हणून."

"म्हणजे दारापर्यंत प्याचं. अन् आत आल्यावर बंद."

"जेवण जवळ आलं की बंद," मी म्हटलं.

"आमच्या दारात पाय ठेवला की बंद," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगता ते खरं असन, मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात. पण मले दिसलं ते असं दिसलं."

आम्ही जेवायला बसलो. वरण, भात, भरल्या वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. मनोहरराव खाली मान घालून एकेक घास चावत होते. बाकीचेही खाली मान घालून. कोणाचीच पाणी मागायची हिंमत होईना. आणि तेवढ्यात मला, दुसऱ्यांना सावकाश जेवायला शिकवणाऱ्या बाईला, ठेच्याचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रज्वल अर्धा उठला.

"तुमचं तं ऑपरेशन नाही झालं ना?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"नाही," मी खोकत म्हणाले, "पण आज मीही यांच्याबरोबरच पिईन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्म्याआड किंचित काही हललं असेल, नसेल. मी भाताचा घास कसाबसा गिळला.

जेवणं झाली. ताटं उचलली गेली. मागच्या वेळी इथूनच मनोहरराव उठून गेले होते.

"जेवल्यावर अर्ध्या तासानं पाणी चालते म्हणता?" शकुंतलाबाईंनी मला विचारलं.

"चालतं."

"मंग बसा," त्या मनोहररावांना म्हणाल्या, आणि समोर खुर्ची ओढून स्वतःही बसल्या.

अर्धा तास, अर्धा तास, असं मी किती जणांना सांगितलं असेल. तो किती लांब असतो हे मला त्या दिवशी कळलं. कूलर घरघरत होता. मनोहररावांच्या पत्नीनं लोणच्याची चौकशी केली, कैऱ्या कुठून आणता वगैरे. ते बोलणं दोन वाक्यांत संपलं. श्वेता आणि प्रज्वल एकमेकांकडे बघायचं टाळत होते. मनोहररावांचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. आज त्यांनी बाटली घरीच ठेवली होती, खाप्याहून इथवर पाण्याविना आले होते. मी सांगितलं नव्हतं तसं, उलट त्यांनी विचारलं असतं तर मी रागावलेच असते.

मग शकुंतलाबाई बोलायला लागल्या. कोणाला उद्देशून असं नाही.

"लहानपणी आमच्या गावात पाण्याले गेलो की बाया वरून ओतत. आपण ओंजळ धराची. पाणी कोपरापर्यंत वाहत जाय, तोंडात कमीच. मले वाटे, पाणी असंच पेत असतीन. सगळेच. मंग शिकली, नोकरी लागली, हे घर झालं. शाळेतल्या मास्तरणी घरी यायच्या. चांगल्या होत्या सगळ्या, आजही फोन करतात. पण पाणी आणलं की कोणी आत्ताच चहा घेतलेला, कोणाचा घसा खराब, कोणाचा उपास." त्यांनी चष्मा काढून साडीच्या काठानं पुसला. "इतकी वर्षं झाली. आमच्या घरी कोणाले कधी तहानच लागत नाही."

मनोहरराव एवढंच म्हणाले, "मले लागली आहे, बाई. अर्धा तास होऊ द्या."

भिंतीवरच्या घड्याळाकडे आम्ही सगळेच आळीपाळीनं पाहत होतो आणि पाहिलं नाही असं दाखवत होतो. शेवटी शकुंतलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या आत गेल्या, माठात पेला बुडवल्याचा आवाज आला, आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन त्या आल्या. मनोहररावांच्या हातात दिला. परत खुर्चीवर बसल्या.

मनोहररावांनी पेला घेतला. आणि त्यांचा हात वर गेला.

मला दिसलं ते. पेला डोक्याच्या वर, मान मागे झुकलेली, तोंड उघडं. जुनी सवय. दुसऱ्याच्या घरचा पेला उष्टा करू नये, ही त्यांच्या आईची शिकवण. त्यांच्या लेखी ती सभ्यता होती, उलट जास्तीचा मान. पण समोर बसलेली बाई उंचावरून पडणाऱ्या पाण्याची धार पाहणार होती. माझ्या घशाशी शब्द आला. बाहेर पडला नाही. हे मी सांगून झालं असतं तर त्याला काही अर्थ उरला नसता.

हात तसाच हवेत थांबला. त्यांना माझे नियम आठवले, की ती ओंजळ आठवली, हे मी त्यांना नंतरही विचारलं नाही. इतकी चौकस मी, पण तेवढं विचारवलं नाही. पेला खाली आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, काठाला ओठ लावले आणि एक घोट घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. मग दुसरा घोट. मिशीला पाणी लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

शकुंतलाबाई बघत होत्या. असं बघणं मला ओळखीचं आहे, मी रोज तेच करते. पेला रिकामा व्हायला खूप वेळ लागला, कारण माझ्या रुग्णांना मी तसंच शिकवलेलं असतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपण फार चांगलं शिकवलं आहे. प्रत्येक घोटाला त्यांचे ओठ शकुंतलाबाईंच्या पेल्याला लागत होते. श्वेताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

पेला संपला. मनोहररावांनी त्याचा तळ पाहिला.

"अजून थोडं भेटंन का?" त्यांनी विचारलं.

माझ्या हिशेबानं एका वेळी एवढं पुरे होतं. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

शकुंतलाबाई उठल्या नाहीत. त्यांनी रिकामा पेला मनोहररावांच्या हातातून घेतला, क्षणभर मांडीवर धरून ठेवला, आणि मग श्वेतापुढे केला.

"माठ आत खिडकीपाशी आहे," त्या म्हणाल्या. "आता तुले माहीत पाहिजे. जाय वं, तुह्या बाबाले पाणी दे."